ताईचा नकार

“मी किडनी देणार नाही.”

हे वाक्य ताईने वाटभर घोकलं होतं. बसमध्ये, जिन्यावर, भावाच्या दाराशी बेलवर बोट ठेवण्याआधी... आणि तरीही ते तोंडातून बाहेर पडलं तेव्हा आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला. कोरडा, परका, खिडकीपलीकडून कारकुनाने अर्ज परत करावा तसा.

समोर खुर्चीत तिचा धाकटा भाऊ बसला होता. वर्षभरापूर्वीपर्यंत दहा-दहा मजल्यांच्या इमारतींत लिफ्टच्या माथ्यावर उभा राहून हसत काम करणारा हा मेकॅनिक आता आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसच्या यंत्राला जोडलेला असायचा. चेहरा धुऊन धुऊन विरलेल्या कापडासारखा झाला होता. त्याच्यामागे त्याची बायको उभी होती, चहाचा ट्रे हातात तसाच धरून.

“रिपोर्ट चांगले आले नाहीत का?” भावाने विचारलं.

“रिपोर्टचा प्रश्न नाही, बाळ्या. मला ऑपरेशनची भीती वाटते.”

“भीती?” भावजयीने ट्रे टेबलावर ठेवला. चहा बशीत हिंदकळला. “हे कुणाचीच किडनी घेणार नाही म्हणत होते, तेव्हा चार महिने मागे लागून यांना कबूल कुणी केलं, ताई? मी देते म्हटलं तर तू लहान आहेस म्हणून मला गप्प कुणी बसवलं? आणि आज तुम्हाला भीती वाटायला लागली?”

“हो.”

“जाऊ दे,” भाऊ हळूच म्हणाला. “नाही म्हणायचा तिला हक्क आहे. नको मला कुणाचं काही. यंत्रावर काढीन जितके दिवस निघतील तितके.”

नेमकं हेच तिला नको होतं. तो रागावला असता तर सोपं गेलं असतं. हा तिला क्षमा करून मोकळा होत होता, आणि त्या क्षमेतच त्याचं मरण होतं. ताईने खुर्चीची पाठ घट्ट धरली. कमरेतून निघालेली कळ डाव्या टाचेपर्यंत सळसळत गेली, पण चेहऱ्यावरची रेषही तिने हलू दिली नाही.

“मी तुझ्यासाठी पुष्कळ केलं,” ती म्हणाली. “सगळं तरुणपण तुझ्यापायी गेलं. आता मला माझं बघू दे.”

भावाने वर पाहिलं. त्या नजरेत आधी आश्चर्य होतं, मग काहीतरी विझलं.

“खरंय,” तो म्हणाला. “पुष्कळ केलंस.” आणि तो उठून आतल्या खोलीत गेला.

“मी देणार,” भावजय त्याच्यामागून म्हणाली. “उद्याच माझ्या तपासण्या करून घ्या. रक्तगट जुळतो आपला. आणि आता नाही म्हणू नका, मला ऐकायचं नाहीये.”

आतून नकार आला नाही. कित्येक क्षण ताई तो येतो का म्हणून कान देऊन उभी होती... तो आला नाही. ज्यासाठी ती आली होती ते झालं होतं.

“तुम्ही निघा आता,” भावजय म्हणाली, आणि ट्रे उचलून स्वयंपाकघरात गेली.

ताई जिना उतरायला लागली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय जागीच थिजला. तिला बसवेना, उभं राहवेना. भिंतीला पाठ लावून ती तिथेच थांबली आणि डोळ्यांतलं पाणी गालांवरून वाहू दिलं. कुणी पाहिलंच असतं तरी भित्री बाई रडते आहे, एवढंच म्हणालं असतं.

भीती तिला कशाचीच वाटत नव्हती. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा ती एकोणतीस वर्षांची होती. आई तर कधीच गेलेली. भावाला तेव्हा कुठे दूरच्या शहरात लिफ्टचं शिक्षण घ्यायला प्रवेश मिळाला होता. बातमी कळताच तो बॅग भरून परत यायला निघाला, तर हिने फोनवर हसून सांगितलं, “मला एकटीला सहज जमतं रे, तू शीक.” आणि मग पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, न्हाणीघरातून पुन्हा पलंगावर... वडिलांचं ते जड, अर्धं निर्जीव शरीर तिने सहा वर्षं उचललं. एका सकाळी ओल्या फरशीवर त्यांचा तोल गेला. तिने त्यांना पडू दिलं नाही, पण तिच्या पाठीत काहीतरी कडकन वाजलं. दोन तासांनी ती गणवेशांच्या कारखान्यात नेहमीच्या जागी उभी होती, कापडाच्या साठ थरांवर खडूची रेघ ओढत.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने एक गोळी दिली. तिने जादू केली. मग रोज एक, मग सकाळ-दुपार, मग तीन. पोट जळायला लागलं म्हणून पोटाची वेगळी. वडील गेले, भाऊ शिकून आला, त्याचं लग्न झालं. दुखणं तेवढं राहिलं, आणि गोळ्या राहिल्या. तिला कधी कुणी वाकडं चालताना पाहिलं नाही.

या सगळ्याचा निकाल किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी चार ओळींच्या कागदावर तिच्यासमोर ठेवला होता.

“तुमच्या किडन्या जेमतेम निम्मं काम करताहेत. ब्लडप्रेशरही वाढलेलं आहे. रोज कुठली गोळी घेता?”

ताईने पर्समधली पट्टी काढून दाखवली. किती वर्षं, ते सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

“या गोळ्या चार-आठ दिवसांसाठी असतात, तेही डॉक्टरांना विचारून. या गोळीनेच तुम्हाला इतकी वर्षं उभं ठेवलं, आणि तिनेच आतून झिजवलं. दाता म्हणून तुम्हाला घेता येणार नाही. घरी कारण सांगायची सक्ती नाही. आम्ही एवढंच कळवू की तुम्ही योग्य नाही.”

“तो शोधून काढेल,” ताई म्हणाली. बिघडलेली लिफ्ट नुसती चालू झाली की समाधान मानणारा तो माणूस नव्हता. बिघाड कुठे होता हे कळेपर्यंत तो एकेक स्क्रू काढायचा. आणि ही पाठ कशाने मोडली हे कळलं की संपलं... “माझ्यापायी कुणाच्या अंगावर ओरखडासुद्धा उठलेला मला सोसायचा नाही,” असं म्हणणारा तो भाऊ, एका बाईचं शरीर आपल्यापायी झिजलं हे कळल्यावर दुसरीच्या शरीराला सुरी लागू देणार होता थोडाच? त्यापेक्षा बहीण स्वार्थी निघालेली बरी. रागाने माणूस निदान जगतो.

“मला हे पटत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण तुमचा निर्णय तुमचा.” आणि त्यांनी एक चिठ्ठी लिहून दिली. “या गोळ्या आजपासून बंद. पण दात-ओठ खाऊन सोसत बसायचं नाही. तळमजल्यावर वेदना विभाग आहे, तिथे जा.”

गोळ्या थांबल्या आणि सोळा वर्षं दाबून ठेवलेलं दुखणं एकदम घरात शिरावं तसं झालं. ताई खुर्चीत पाच मिनिटं बसायची, उठायची, खिडकीशी जायची, परत यायची. भाजी निम्मी चिरून पलंगावर आडवी व्हायची आणि आडवं पडलं की मन उठून भावाच्या घराकडे धावायचं. तपासण्या झाल्या असतील का? तारीख मिळाली असेल का? फोन हातात घ्यायची, ठेवायची. तो करणार नव्हता, आणि तिला करायचा अधिकार उरला नव्हता.

वेदना विभागातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिला बराच वेळ नुसतं बोलू दिलं. मग म्हणाले, “दुखणं पूर्ण जाईल असं वचन मी देत नाही. ते असूनही तुमचा दिवस तुमच्या ताब्यात येईल, तेवढं आपण करू.” त्यांनी तापासाठी घेतात ती साधी गोळी दिली, दिवसाला किती आणि त्यापुढे एकही नाही, हे लिहून. नसांसाठी एक गोळी दिली, किडन्यांकडे बघून अगदी कमी ताकदीची. त्या गोळीने झापड आली तर लगेच सांगायचं, एवढं बजावून. आणि दम भरला, “दुकानातून आपल्या मनाने काही आणायचं नाही. सर्दीची गोळीसुद्धा आधी मला दाखवायची.”

व्यायाम शिकवणारी मुलगी त्यांच्याहून कडक होती. सतरंजीवर पाठीवर झोपवून गुडघे दुमडायला लावायची, कंबर हळूच उचलायला लावायची. पाच वेळा.

“आज बरं वाटतंय, दहा करू का?” ताईने एकदा विचारलं.

“नाही. बरं वाटलं म्हणून दहा नाही, आणि दुखलं म्हणून शून्य नाही. पाच म्हणजे पाच. पुढच्या आठवड्यात सहा.”

आयुष्यभर ताईने अंगात बळ असेल तितकं काम केलं होतं आणि बळ संपल्यावर गोळी घेऊन उरलेलं केलं होतं. दुखायच्या आधी थांबायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कारखान्यात तिने कापणीच्या टेबलाशी उंच स्टूल मागून घेतलं; पंचवीस मिनिटं काम, मग पाच मिनिटं फेऱ्या. “बाई आता साहेब झाल्या,” सुपरवायझर म्हणाला. “साहेबांना स्टूल नसतं, खुर्ची असते,” ताई म्हणाली, आणि फेरी पूर्ण करूनच परत आली. घरी शेक घ्यायची, श्वास मोजत पडून राहायची. दिवस जरा सरळ होऊ लागले. मनाची तगमग मात्र होती तिथेच होती.

ऑपरेशनची तारीख तिला त्याच हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीवर कळली. त्या दिवशी सकाळपासून ती तळमजल्याच्या लांब बोळात येरझाऱ्या घालत होती. वर चौथ्या मजल्यावर तिची दोन माणसं शेजारशेजारच्या खोल्यांत टेबलावर होती, आणि वर जायची तिला चोरी होती. दुपारी खिडकीतली बाई म्हणाली, “दोघंही ठीक आहेत. किडनी चालायला लागली.” ताई सरळ व्यायामाच्या खोलीत गेली, सतरंजीवर आडवी झाली आणि नेमाचे सहा करायला लागली. तिसऱ्यालाच तिला हुंदका आवरेना.

“दुखतंय?” ती मुलगी धावत आली. “कुठे?”

ताईला जागा दाखवता आली नाही.

भाऊ सुधारत होता, हे तिला इकडून तिकडून कळत होतं. साडेतीन महिने गेले. मग एका शनिवारी भावजय शाळेतून येताना ताईच्या घराजवळच्या त्याच औषधाच्या दुकानात नवऱ्याच्या गोळ्या घ्यायला गेली. शाळेत चित्रकला शिकवता शिकवता तिची मान अवघडली होती, म्हणून जाता जाता म्हणाली, “आणि अंगदुखीची ती गोळी द्या एक पट्टी.”

औषधवाल्याने मान हलवली. “चिठ्ठीशिवाय नाही देत आता. शिवाय तुम्ही एक किडनी दिलेली. एकदा हात पोळलेत माझे, परत नाही.”

“कशाने पोळले?”

तो गोंधळला. “तुम्हाला माहीत नाही? तुमच्या नणंदबाईंना वर्षानुवर्षं मीच देत होतो ना. तुमच्या मिस्टरांसाठी तपासण्या केल्या तेव्हा कळलं, त्यांच्याच किडन्या निम्म्या गेल्यात. मला येऊन म्हणाल्या, रागवायला नाही आले, पण दुसऱ्या कुणाला असं देऊ नका... मला वाटलं, घरात सगळ्यांना ठाऊक असेल.”

जेवणाच्या सुट्टीत कारखाना शांत होता. ताई स्टुलावर बसून खडूने गणवेशाच्या बाह्या आखत होती, तेवढ्यात समोर भावजय येऊन उभी राहिली. चालत आली होती की धावत, कोण जाणे. तिला धाप लागली होती.

“काय झालं? बाळ्या बरा आहे ना?” ताईच्या हातातला खडू मोडला.

“ते बरे आहेत. तुम्ही किती बऱ्या आहात ते सांगा.”

ताईला कळायला क्षणभर लागला. मग तिने मान खाली घातली.

“मी तुम्हाला घरातून घालवून दिलं, ताई,” भावजयीचा आवाज फाटला. “साधा चहा दिला नाही. चार माणसांत तुम्हाला दगड म्हटलं, स्वार्थी म्हटलं. आणि तुम्ही ऐकून घेतलंत? एकदा तरी म्हणायचं होतंत, की अगं बाई, माझ्याजवळ देण्यासारखं शिल्लकच नाही...”

“म्हटलं असतं तर त्याने तुझी घेतली असती?”

भावजय टेबलाच्या कडेला टेकली आणि कापडावर पालथे हात ठेवून रडली. ताईने तिच्या पाठीवर हात फिरवला.

“आता झालं ते झालं. फक्त त्याला सांगू नकोस,” ताई म्हणाली. “तब्येत आत्ता कुठे रुळावर येतेय त्याची.”

भावजयीने डोळे पुसले. “नाही. हे मला जमणार नाही. तुम्ही सोळा वर्षं दुखणं लपवलंत, त्याने काय झालं ते समोर आहे. आता मला लपवायला लावू नका. तुम्ही सांगितलं नाहीत तर मी सांगेन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने स्वतः जाऊन सांगितलं. पहिल्यापासून, ओल्या फरशीपासून. भाऊ तोंडावर मास्क लावून खिडकीशी बसला होता, त्यामुळे फक्त डोळे दिसत होते. तिला वाटलं होतं तो रडेल. तो रडला नाही.

“मला एकदा विचारायचंस,” तो म्हणाला. “तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो, पाळण्यातला नव्हतो. बाबांना उचलायला मी आलो असतो. अर्धा भार माझा होता, ताई. तो तू मला दिलाच नाहीस. आणि आताही, मी कुणाची किडनी घ्यायची, कुणाचा राग करायचा, ते सगळं तूच ठरवलंस. तू मला कधी मोठं होऊच दिलं नाहीस.”

“मी तुझ्या भल्यासाठी...”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “म्हणूनच जास्त राग येतोय. तू जा आत्ता.”

दुसऱ्यांदा ती तोच जिना उतरली. या वेळी तिच्यापाशी स्वतःची समजूत घालायलाही काही नव्हतं. आजवर तिने आपल्या त्यागाकडे कधी दुसऱ्या बाजूने पाहिलं नव्हतं. तिने सगळं दिलं होतं, हे खरं. पण ते देताना समोरच्याचे हातही बांधून टाकले होते, हे आज पहिल्यांदा तिला दिसत होतं. तीन आठवडे गेले. घरात फेऱ्या, कारखान्यात फेऱ्या. एकदा तर पाय सवयीने औषधाच्या दुकानापर्यंत गेले. औषधवाल्याने नुसती मान हलवली. ती वळली आणि घरी येऊन शेकाची पिशवी तापत ठेवली.

एका मंगळवारी ती व्यायामाच्या खोलीत शिरली तर कोपऱ्यातल्या बाकावर मास्क लावलेला माणूस बसला होता.

“हे तुमचे भाऊ म्हणे,” व्यायामाची मुलगी म्हणाली. “सगळं समजावून घ्यायचंय म्हणतात. मघापासून प्रश्न विचारून डोकं खाल्लंय माझं.”

भाऊ उठून जवळ आला. “राग गेलेला नाही अजून,” तो म्हणाला. “पण रागावून घरी बसलो असतो तर तुझाच भाऊ शोभलो असतो. बोलायचं नाही, आत ठेवायचं. मला तसं नाही जगायचं.”

ताई सतरंजीवर बसली. तो शेजारी, जमेल तसा, हळूहळू खाली बसला; त्याच्या पोटावर ऑपरेशनचा व्रण होता.

“किती दुखतंय?” त्याने विचारलं. “खरं सांग.”

ताई म्हणाली, “आज बरंच आहे. सकाळी उठताना भिंत धरावी लागली. आणि तू आला नाहीस ते तीन आठवडे... ते याच्याहून जास्त दुखलं.”

भावाचे खांदे हलायला लागले. त्याने तिच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं, आणि त्या खोलीत, चार परक्या माणसांदेखत, दोघं बहीणभाऊ रडले. व्यायामाच्या मुलीने थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाली, “बरं, आज आठ करायचेत.”

ताईचं दुखणं गेलं नाही. किडन्या होत्या तिथे थांबल्या. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं ठरलं. पण भावाने एक गोष्ट ठरवली, आणि या वेळी आधी तिला विचारून ठरवली. लिफ्टवाल्याची बहीण विनालिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते, ही काही बरी गोष्ट नव्हती. त्याच्या इमारतीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. ताईने चार दिवस विचार केला आणि हो म्हणाली.

सामान आणणाऱ्या हमालांनी सगळं आत लावून दिलं आणि ते निघून गेले. मागाहून लक्षात आलं, शिवणयंत्राची जड पेटी फाटकाशीच राहिली. तिघं बाहेर येऊन तिच्याभोवती उभी राहिली.

भाऊ वाकायला लागला. “ऑपरेशन,” भावजय ओरडली. ती स्वतः पुढे झाली, तर भाऊ म्हणाला, “तुला डॉक्टरांनी काय सांगितलंय?” दोघांनी ताईकडे पाहिलं, आणि लगेच दोघं एकदम म्हणाली, “ताईने तर मुळीच नाही.”

“म्हणजे तिघांत मिळून उचलण्याजोगं एकही माणूस नाही,” भाऊ म्हणाला. भावजयीला हसू फुटलं; ती पोटाला हात लावून हसत सुटली, आणि मग त्यालाही आवरेना. ताई मात्र त्या पेटीकडे पाहत उभी होती. हात नकळत कडीकडे गेले होते. एरवी एव्हाना तिने ती पेटी उचलून आत नेऊनही ठेवली असती आणि कुणाला कळू न देता गोळी घेतली असती.

तिने हात मागे घेतले. समोरच्या घराच्या ओट्यावर एक धिप्पाड गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. तिला त्यांचं नावही माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत हे वाक्य तिने कुणालाच कधी म्हटलं नव्हतं.

“अहो,” ताईने हाक मारली, “जरा येता का? आम्हाला मदत लागेल तुमची.”